वीज व लोहचुंबक: काही शंका व त्यांचे समाधान



महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेने गडाच्या पायथ्याशी आले म्हणजे हिरकणीवाडी लागते. जिच्या नावाने ही वाडी ओळखली जाते त्या गवळणीची कथा आपणांपैकी बहुतेकांनी बाळपणी ऐकलेली आहे. गडाचे दरवाजे सूर्यास्ती बंद झाले, घरी तान्हे मूल होते, म्हणून ती माउली अंधारात कडा उतरून आली, असे लोक सांगत आले आहेत. आता त्याच वाडीतून रोपवे गडावर जातो. तो १९९६ साली सुरू झाला, आणि ज्या चढणीस पायी जाणाऱ्याचा दम लागतो ती तो काही मिनिटांत पार करितो.

पाळणा वर जाताना सर्वच पाहतात. त्यास ओढणारे सामर्थ्य कशाचे, असे विचारले तर "विजेचे" असे उत्तर मिळते; पण वीज म्हणजे काय, असे पुढे विचारले की बोलणे तेथेच थांबते. वीज घराघरांत आली, तिच्याविषयीचे ज्ञान मात्र तितक्या त्वरेने आलेले नाही. त्यामुळे जेथे भिण्याचे कारण नाही तेथे लोक भितात, आणि जेथे अवश्य भ्यावे तेथे निर्धास्त राहतात. पहिल्या चुकीने निरपराध माणसास दोष लागतो, दुसरीने प्राण जातो. यास्तव या विषयावर नेहमी विचारल्या जाणाऱ्या सात शंका आम्ही येथे क्रमाने घेत आहो. पहिल्या चार नीट समजल्या म्हणजे शेवटच्या तीन आपोआप उलगडतील.

शंका १ ली. लोहचुंबक लोखंडास ओढतो आणि वीज दिवा पेटविते. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध?

याचे उत्तर ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहणे बरे. शिवणाची एक सुई घ्यावी. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यात लोहचुंबक असतो. त्याच्या एका टोकाने सुईवर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावे. मागेपुढे घासू नये. नंतर मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन त्यावर सुक्या पानाचा लहान तुकडा तरंगत ठेवावा व सुई त्यावर आडवी ठेवावी. लोखंडी घमेले घेऊ नये. सुई हळूहळू फिरेल आणि दक्षिणोत्तर होऊन स्थिर राहील. हे आपले होकायंत्र झाले.

आता तांब्याची एक तार सुईच्या अगदी जवळ, तिच्या वरून, दक्षिणोत्तरच धरावी आणि तारेची दोन टोके टॉर्चच्या सेलच्या दोन टोकांस क्षणभर लावावी. सुई एका बाजूस झुकेल. टोकांची अदलाबदल केली तर ती दुसऱ्या बाजूस झुकेल. तार काढली की पुन्हा उत्तरेकडे वळेल. हा प्रयोग केवळ सेलवरच करावा. घरातील विजेस त्यासाठी कदापि हात लावू नये.

तांब्यास लोहचुंबक ओढीत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. मग तांब्याच्या तारेने सुई का हलली? तारेतून वाहणाऱ्या विजेने तारेभोवती चुंबकत्व उत्पन्न केले म्हणून. ही गोष्ट डेन्मार्क देशातील ओर्स्टेड नामक प्राध्यापकाने १८२० साली प्रथम जगापुढे मांडली. तोपर्यंत वीज व चुंबकत्व ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत असे बहुतेक विद्वान समजत असत. हीच तार, वर आवरण असलेली, लोखंडी खिळ्यावर पन्नास वेढे गुंडाळून सेलला लावावी म्हणजे खिळा टाचण्या उचलू लागेल. प्रवाह थांबला की बहुतेक टाचण्या गळून पडतील. तार तापते, म्हणून ती फार वेळ लावून ठेवू नये.

शंका २ री. सुई उत्तरेकडेच का वळते? आणि गडावर काळ्या दगडाजवळ होकायंत्र चुकते, हे खरे काय?

पृथ्वीच्या पोटात खोलवर लोखंडाचा वितळलेला रस आहे. तो खळबळत असतो आणि त्यात विजेचे प्रवाह चालतात. वरच्या प्रयोगात तारेने जे केले तेच हे प्रवाह मोठ्या प्रमाणावर करितात, आणि सर्व पृथ्वी एक लोहचुंबक होऊन बसते. सुई त्या चुंबकास अनुसरते. उत्तरेस कोणी चुंबकाचा डोंगर नाही.

तारेतील वीज सुईस खरोखर किती फसविते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईस कुलाबा येथे १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत असत. पुढे शहरातील ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालविण्याचे ठरले. ट्रामच्या प्रवाहामुळे वेधशाळेतील नाजूक सुया डळमळतील आणि पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींचा धागा तुटेल, हे तेथील संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांच्या देखरेखीखाली अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारून १९०४ साली तेथे नोंदी सुरू केल्या. तिचे बांधकाम निवडलेल्या पोरबंदरी दगडाचे केले आणि लोखंडाच्या जागी तांबे, पितळ व लाकूड वापरले. दोन वर्षे कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे वेध घेऊन त्यांचा मेळ घातला, आणि १९०६ साली कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबविले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागच्या वेधांचे काम पुढेही चालू राहिले, आणि ते आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ज्यांनी पुढचे संकट आधीच पाहून जागा बदलली त्यांच्यामुळे ही दीर्घ नोंद अखंड राहिली.

आता गडाच्या दगडाविषयी. रायगड, पोलादपूरहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट आणि त्याच्या अवतीभवतीचा सह्याद्री हे सर्व काळ्या बसाल्ट खडकाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या तप्त रसाचे हे थर होत. या दगडात लोहयुक्त चुंबकीय कण असतात, त्यामुळे त्यास टेकवून ठेविलेले होकायंत्र चुकू शकते. उंच माथ्यावर आकाशातील वीज पडली असेल तर तिच्या प्रचंड प्रवाहाने तेथील खडक अधिक चुंबकीय होतो, आणि तेथे ही चूक मोठी असते. म्हणून होकायंत्र दगडावर न ठेविता हातात उंच धरून पाहावे, आणि दोन-तीन जागी पाहून मग निर्णय करावा.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. रस थंड होताना त्यातील चुंबकीय कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वास अनुसरून पक्के होतात. भूगर्भशास्त्रज्ञांनी या डोंगरांतील थरांस पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशी आपल्याकडील गावांची व घाटांचीच नावे दिली आहेत. पोलादपूर व आंबेनळी या थरांतील खडक तपासले तेव्हा त्यांत गोठलेली दिशा आजच्या उलट निघाली. म्हणजे ते थर थिजले त्या काळी आपली सुई येथे ठेविली असती तर तिचे उत्तरेकडील टोक दक्षिणेकडे वळले असते. पृथ्वीचे चुंबकत्व आजवर पुष्कळदा असे उलटले आहे, आणि त्याची साक्ष आपल्या घाटातील दगड देत आहेत.

शंका ३ री. पाळण्यास वर ओढणारी मोटार विजेवर कशी फिरते? आणि ती वीज मुळात येते कोठून?

मोटार म्हणजे पहिल्या शंकेतील सुई व तार यांचाच विस्तार होय. प्रवाह वाहणाऱ्या तारेने सुईस ढकलले. तारेची पुष्कळ वेटोळी करून, त्यांतील प्रवाहाची दिशा योग्य वेळी पालटत ठेविली, तर हे ढकलणे अखंड चालते व आस फिरू लागतो. गिरणीची मोटार, शेतातील पंप, घरातील पंखा, ही सर्व याच तत्त्वावर चालतात.

याचा उलट नियम इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढला. लोहाराच्या घरी जन्मून, शाळेत थोडेच शिकून, ते लहानपणी पुस्तके बांधण्याचे काम करीत असत, आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचता वाचता शास्त्राकडे वळले. त्यांस असे आढळले की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक नुसता ठेवून काही होत नाही. तो हालविला तरच तारेत वीज उत्पन्न होते. तात्पर्य, वाहती वीज चुंबकत्व उत्पन्न करिते, आणि हालते चुंबकत्व वीज उत्पन्न करिते. हे एक वाक्य ज्याच्या ध्यानात राहील त्यास या विषयाची किल्ली मिळाली.

पाटणूसजवळील भिरा येथील वीजघर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील मुळशीच्या धरणाचे पाणी तेथे सुमारे ५०० मीटर खाली येते, त्याच्या जोराने चक्रे फिरतात, चक्रांबरोबर मोठे विद्युच्चुंबक तारांच्या वेटोळ्यांत फिरतात, आणि तारेत वीज उत्पन्न होते. या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ साली त्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, हेही दिवा लाविताना विसरू नये. पाण्याचे पडणे, चुंबकाचे फिरणे, तारेतील वीज आणि शेवटी मोटारीचे फिरणे, ही एकाच सामर्थ्याने घेतलेली निरनिराळी रूपे होत.

शंका ४ थी. वीज तारेतून वाहत येते, तर दिव्यात ती संपते काय? आणि बटण दाबताच दिवा इतक्या लवकर कसा लागतो?

येथे रोपवेचा दोर मनात आणावा. मोटारीने दोर ओढला की वरच्या टोकाचा दोरही तत्काळ हालतो. खालचा दोर वर पोहोचेपर्यंत थांबावे लागत नाही, कारण दोर आधीपासूनच सर्व मार्गावर आहे. तारेतही विजेचे सूक्ष्म कण आधीपासून भरलेले असतात. ते स्वतः मुंगीहूनही मंद सरकतात, परंतु त्यांस मिळालेला रेटा तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोहोचतो.

आणखी असे पाहावे की, एक पाळणा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि पुढल्या खेपेस तोच दोर उलट सरकतो. आपल्या घरातील वीजही अशीच मागेपुढे होणारी आहे. ती सेकंदास ५० वेळा असा फेरा पुरा करिते. दोर पाळणा ओढून झिजून संपत नाही, त्याप्रमाणे दिव्यात विजेचे कण संपत नाहीत. दोराने पाळण्यास दिले ते काम होय. विजेच्या बिलात आपण याच कामाचे पैसे भरतो. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. उपमा येथेच थांबवावी, कारण खऱ्या तारेत हे सामर्थ्य तारेभोवतीच्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून पुढे जाते. तरी एक गोष्ट दोराने पक्की शिकविली: मार्ग पुरा जोडलेला असल्यावाचून काम होत नाही.

शंका ५ वी. तारेवर बसलेला कावळा मरत नाही; मग माणूस का मरतो?

कारण कावळ्याच्या शरीरातून मार्ग पुरा होत नाही. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, अगदी जवळ असतात. दोन्ही ठिकाणी विजेचा दाब जवळजवळ सारखा, म्हणून त्याच्या अंगातून प्रवाह वाहत नाही. त्याचा पंख त्याच वेळी दुसऱ्या तारेस किंवा लोखंडी खांबास लागला तर तोही मरतो. माणूस भूमीवर उभा असतो, आणि वीज पुरविणाऱ्या यंत्रणेचे एक टोक भूमीस जोडलेले असते. त्याने तारेस हात लाविला की तार, शरीर व भूमी मिळून मार्ग पुरा होतो. ओल्या अंगास वीज फार सहज लागते.

यावरून काही नियम निघतात. तुटून पडलेली तार निर्जीव आहे असे कधीही समजू नये. तिच्यापासून निदान दहा मीटर दूर राहावे, मुलांस व गुरांस दूर ठेवावे, आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. अशा तारेभोवतालच्या जमिनीतही दाब पसरलेला असतो व तो पावलोपावली बदलतो. तेथे सापडल्यास लांब टांगा न टाकता, पावले एकमेकांस चिकटवून, घासत दूर व्हावे. बैलाचे पुढचे व मागचे पाय दूर असल्यामुळेच तो अशा ठिकाणी लवकर मरतो. कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या तारेजवळून नेऊ नये. आणि रानडुकरे मारण्यासाठी कुंपणात घरची वीज सोडणे हे तर उघड पाप आहे. त्या कुंपणास रात्री शेजारी लागतो, स्वतःचा मुलगा लागतो, आणि कायद्यानेही तो अपराध आहे.

शंका ६ वी. आकाशातील वीज पायाळू माणसावर पडते, हे खरे काय?

आपल्या भाषेत आकाशातील व तारेतील दोघींनाही वीज असेच म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. दोन्ही एकच आहेत, हे १७५२ साली फ्रान्सात व अमेरिकेत केलेल्या प्रयोगांनी ठरले. ढगांत गारा व बर्फाचे कण एकमेकांवर घासून विजेचा साठा होतो, आणि तो अतिशय वाढला म्हणजे हवा फोडून भूमीकडे धाव घेतो. उंच, एकट्या व टोकदार वस्तूवर ती पडण्याचा संभव अधिक. जो मनुष्य जन्मताना पायांकडून आला त्याचे रक्त, हाडे व कातडे इतरांसारखेच असतात. ढगास त्याच्या जन्माची वार्ता नसते. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत सर्वथा खोटी आहे.

ही समजूत दोघांचे नुकसान करिते. ज्यास पायाळू म्हणतात तो जन्मभर भीतीत राहतो, आणि पावसात त्याच्या शेजारी उभे राहण्यास लोक कचरतात. जे पायाळू नाहीत ते "आम्हांस काय भय?" असे म्हणून आंब्याच्या झाडाखाली उभे राहतात, आणि वीज पडते ती तेथेच.

ज्येष्ठाच्या आरंभी व पुन्हा आश्विनात मेघगर्जना फार होतात, आणि तेव्हाच शेतात माणसे असतात. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असे अंतर निघते. परंतु गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण विजेच्या टप्प्यात आहो, असे समजावे. ताबडतोब पक्क्या घरात किंवा पत्र्याने पूर्ण बंद मोटारीत जावे. झाड, उघडी माची, डोंगराची धार, नदीचे पाणी व चिखल झालेले खाचर टाळावे. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास लोटल्यावर बाहेर पडावे. आसराच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे निजू नये, आणि चार माणसे असतील तर त्यांनी दूर दूर बसावे. खिशातील मोबाईल विजेस ओढून आणीत नाही. उघड्यावर उभे राहणे हाच धोका. उलट त्याच मोबाईलवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे "दामिनी" हे साधन विजेची आगाऊ सूचना देते. वीज चमकली की तिच्यापासून विद्युच्चुंबकीय लहरी चोहोकडे जातात. रेडिओत जी खरखर ऐकू येते ती त्यांचीच. ठिकठिकाणची यंत्रे त्या लहरी टिपून वीज कोठे पडली हे ठरवितात.

शंका ७ वी. ज्यास वीज लागली त्यास शिवावे काय?

येथे दोन प्रसंग निराळे आहेत. तारेची वीज लागलेली असेल तर तो मनुष्य अजून मार्गाचा भाग आहे. प्रथम मुख्य बटण बंद करावे. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यास हात लावू नये.

आकाशातील वीज पडली असेल तर मात्र ती क्षणात निघून गेलेली असते. शरीरात ती साठून राहत नाही. त्या माणसास शिवण्यात काही भय नाही. पुष्कळदा हृदय व श्वास थांबलेले असतात, आणि तत्काळ साहाय्य मिळाल्यास तो वाचू शकतो. श्वास चालत नसेल तर त्यास उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाबावे आणि दुसऱ्याने १०८ ला हाक द्यावी. काही ठिकाणी अशा माणसास शेणात किंवा मातीत पुरून ठेवितात. त्याने वीज उतरत नाही; केवळ वाचविण्याची वेळ निघून जाते.

तर वाचकहो, भय कोठे सोडावे आणि कोठे धरावे हे आता स्पष्ट झाले असेल. पायाळू शेजाऱ्याचे भय सोडावे, विजेने पडलेल्या माणसास हात लावण्याचे भय सोडावे. पडलेल्या तारेचे, भारलेल्या कुंपणाचे व वळवातल्या झाडाचे भय अवश्य धरावे. उपदेशक व शिक्षक बंधूंनी सुईचा प्रयोग एखाद्या संध्याकाळी सर्वांसमोर करून दाखवावा, आणि नंतर पुढील प्रश्न विचारावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तांब्याची तार स्वतः चुंबक नसता तिने सुई कशी हालविली?

२. चुंबकीय वेधशाळा मुंबईहून अलिबागेस का नेली?

३. मोटार व भिऱ्याचे वीजघर यांच्या कार्यात साम्य कोणते व भेद कोणता?

४. रोपवेच्या दोरावरून विजेविषयी कोणत्या गोष्टी समजतात?

५. पायाळू नसलेल्या माणसास त्या समजुतीने काय अपाय होतो?

६. तारेची वीज लागलेला व आकाशातील वीज लागलेला, या दोघांस साहाय्य करिताना कोणता फरक ध्यानात ठेवावा?